गावाकडची पोरं खरंच जास्त काटक असतात का?

घामाघूम

माझा मुलगा पंधरा वर्षांचा, शहरात वाढलेला. पुतण्या त्याच्याहून दीड महिन्याने मोठा, गावात वाढलेला. सुट्टीत दोघांना घेऊन डोंगर चढायला गेलो होतो. आमच्या चिरंजीवांच्या पायात भारीतले बूट, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ, पाठीवर नळीवाली पाण्याची पिशवी. पुतण्याच्या पायात चपला. अर्ध्या वाटेवर घड्याळ 'शाबास' म्हणून थरथरलं आणि चिरंजीव दगडावर बसले ते बसलेच. पुतण्या वर पोचला आणि आम्ही कुठवर आलोय ते बघायला दोनदा खाली येऊन गेला.

घरी आल्यावर वडिलांनी निकाल जाहीर केला, "शहरात पोरं वाढत नाहीत, नुसती फुगतात."

मीही मान डोलावली असती. पण त्याच आठवड्यात पुतण्याला वैद्यकीय दाखला हवा होता, म्हटलं दोघांचं रक्त तपासून टाकू. मुलाचं हिमोग्लोबिन १४.१. पुतण्याचं १०.८. उंचीला तो माझ्या मुलापेक्षा चार बोटं कमी आणि वजनाला अकरा किलोने. डॉक्टरांनी कागद दोनदा बघितला आणि विचारलं, "हा डोंगर चढला कसा?"

आता मला सांगा, या दोघांत तंदुरुस्त कोण? आणि हे आमच्याच घरातलं आहे की तुम्हीही असं बघितलंय?

कंटाळेश्वर

मी पहिला!
आणि मी दगडावर बसणाऱ्याच्या बाजूने. कुणीतरी सामान राखायला नको का?

खडूस_आजोबा

यात विचारायचं काय? आमची शाळा पाच मैलांवर होती. रोज चालत जायचो आणि चालत यायचो. आजारपण म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.

कंटाळेश्वर

आजोबा, मागच्या धाग्यात तीन मैल होती. शाळा दर वर्षी लांब सरकते का?

शिट्टीमास्तर

बावीस वर्षं पीटी शिकवतोय, त्यातली नऊ गावातल्या शाळेत आणि बाकीची शहरात. त्यामुळे थोडं लांबण लावतो.

'तंदुरुस्ती' ही एक वस्तू नाही, पाच-सहा वस्तूंचं गाठोडं आहे. दम, ताकद, लवचिकपणा, तोल, चपळाई. घामाघूम यांनी डोंगरावर मोजला तो दम. तो मोजायला आम्ही वीस मीटरची बीप टेस्ट घेतो. दोन रेघांमध्ये बीपच्या तालावर ये-जा करायची. सुरुवात ताशी साडेआठ किलोमीटरने होते आणि दर मिनिटाला वेग अर्ध्या किलोमीटरने वाढतो. लेजे नावाच्या कॅनडातल्या संशोधकाने १९८२ च्या सुमारास ही पद्धत बसवली, आज जगभर चालते. तर या टेस्टमध्ये माझी गावातली मुलं सरासरीने पुढे असायची, हे खरं. पण त्याच मुलांना बसून पायाचे अंगठे धरायला सांगितलं की निम्म्यांचे गुडघे वर. चेंडू झेलता न येणारी तर कितीतरी, कारण झेलायला शाळेत चेंडूच दोन होते. पोहण्याचं म्हणाल तर काहींना उत्तम यायचं आणि बाकीच्यांना अजिबात नाही, शिकवणारं कुणी नसल्यामुळे.

मला जास्त खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. शहरातल्या चाळीसच्या वर्गात आठ-दहा मुलं कोचिंगला जाणारी असतात. ती कुठल्याही गावातल्या पोरांना पाणी पाजतील. उरलेल्या तिसांना मैदानाची एक फेरी झेपत नाही. मधली मुलं, म्हणजे खेळाडू नाहीत पण संध्याकाळी सहज तासभर हुंदडतात अशी, ती शहरात जवळजवळ नाहीशी झालीत. गावातल्या वर्गात हीच मधली मुलं सगळ्यात जास्त असायची. सरासरी काढली की हे काही दिसत नाही.

नाडीपरीक्षक

घामाघूम, आधी पुतण्याचं बघा, बाकीची चर्चा मागाहून.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापाप्रमाणे पंधरा वर्षांपुढच्या मुलग्यांमध्ये हिमोग्लोबिन १३ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. ११ ते १२.९ सौम्य, ८ ते १०.९ मध्यम. म्हणजे तुमचा पुतण्या 'मध्यम' मध्ये मोडतो. आपल्या मनाने गोळ्या सुरू करू नका. लोह कमी पडतंय, पोटात जंत आहेत, की रक्ताचा काही आनुवंशिक विकार आहे, ते आधी कळू दे.

तो चढला कसा याचं उत्तर अवघड नाही. हिमोग्लोबिन हळूहळू उतरलं की शरीर जुळवून घेतं. हृदय जास्त जोराने काम करतं आणि मूल आपोआप आपल्याला झेपेल ती चाल धरतं. सरावाच्या वाटेवर ते लपून जातं. बीप टेस्टच्या शेवटच्या दोन-तीन टप्प्यांत उघडं पडलं असतं. काटकपणा म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो ते कधीकधी शरीराने उपाशीपोटी केलेलं काटकसरीचं बजेट असतं.

टवाळखोर

'काटक' आणि 'काटकसर' एकत्र! डॉक्टर, शब्दाची नाडीही बरोबर पकडलीत.

माती_आणि_मी

नाडीपरीक्षकांच्या शेवटच्या वाक्यासाठी मुद्दाम लॉगिन केलं.

मी गावात राहते. शेती करते. माझी मुलगी चौदा वर्षांची. पाच वाजता उठते, पाणी भरते, गुरांचं बघते, मग शाळा, आल्यावर पुन्हा तेच. पाहुणे आले की म्हणतात, "किती काटक आहे हो पोर!" मला राग येतो. ती काटक नाही, ती दमलेली आहे. डाव्या खांद्यावर भार घेऊन तिचा तो खांदा वर राहतो. पीटीच्या तासाला ती झाडाखाली बसते, कारण तिला विश्रांतीची तीच एक जागा मिळते. कामात तोच स्नायू, तोच वाक, तेच ओझं रोज. त्यात खेळ नाही, मजा नाही, 'आज नको' म्हणायची सोय नाही. दमणं म्हणजे व्यायाम नव्हे.

शहरातल्या मंडळींच्या डोक्यात जे गाव आहे ते वीस वर्षांपूर्वीचं आहे. आता घराघरात दुचाकी आहे. मुलगे कोपऱ्यावरच्या दुकानातही गाडीने जातात. फोन सगळीकडे पोचला, मैदान पोचलं नाही. पाकिटातला खाऊ तर फोनच्याही आधी पोचला. माझा धाकटा अकरा वर्षांचा, त्याला चालायचा कंटाळा आणि पोट सुटलेलं. एकाच घरात एक मूल वाळतंय आणि एक फुगतंय, मग आम्हाला कुठल्या बाजूला धरणार?

नीरजा_न

माती ताई, __/\__

एकाच घरात दोन मुलं आणि दोन्हीकडे काम कुणाच्या वाट्याला, खाऊ कुणाच्या, हेही तुम्ही न बोलता सांगितलंत.

आकडेबहाद्दर

वाटच बघत होतो. ताईंचं निरीक्षण जगभरच्या आकड्यांत दिसतं.

२०१९ मध्ये 'नेचर'मध्ये एक मोठा अभ्यास आला होता. १९८५ ते २०१७ या काळात जगातल्या प्रौढांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबात वजन, जो वाढला, त्यातला ५५ टक्क्यांहून जास्त वाटा ग्रामीण भागाचा होता. लठ्ठपणा हा शहराचा रोग, हे समीकरण तिथेच मोडलं. अमेरिकेतल्या अभ्यासांची २०१५ मध्ये एकत्र बेरीज केली, तेव्हा ग्रामीण मुलांमध्ये लठ्ठपणाची शक्यता शहरी मुलांपेक्षा २६ टक्के जास्त निघाली. तिथे गावात सगळं लांब, सगळं गाडीने, आणि फुटपाथ असला तर शहरात.

'नेचर'मधल्या त्या अभ्यासाच्याच गटाचा २०२३ चा अभ्यास मुलांवर होता, २०० देश, ७ कोटींहून जास्त जणांची मोजमापं. १९९० मध्ये बहुतेक देशांत शहरी मुलं ग्रामीण मुलांपेक्षा उंच होती. २०२० पर्यंत बऱ्याच ठिकाणी ही दरी बुजत आली, कारण गावातली मुलं उंच होऊ लागली. आफ्रिकेच्या सहारा वाळवंटाखालच्या बऱ्याच भागात मात्र तसं झालं नाही. घामाघूम यांनी सांगितलेली चार बोटं हा गावच्या हवेचा गुण नाही, ताटातल्या गोष्टींचा आणि लहानपणच्या आजारपणांचा हिशेब आहे.

विसंगत

असले जागतिक अभ्यास दाखवून काय सिद्ध होतं? मी डोळ्यांनी बघतो, गावातली पोरं झाडावर चढतात, शहरातली लिफ्टने पहिल्या मजल्यावर जातात. संपला विषय.

कंटाळेश्वर

मी तळमजल्यावर राहतो. मला का मारताय?

आकडेबहाद्दर

विसंगत, तुमचे डोळे खोटं बोलत नाहीत, पण झाडावर चढलेलंच पोर त्यांना दिसतं. घरात झोपून असलेलं दिसत नाही.

आणि मी गावाच्या विरोधात नाही हो. आमिश लोकांचं बघा, अमेरिका-कॅनडातला जुन्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती समाज, घोड्यांनी शेती, घरात गाडी नाही. २००४ मध्ये कॅनडातल्या आमिश प्रौढांची पावलं मोजली. पुरुषांची दिवसाला सरासरी १८ हजारांवर, बायकांची १४ हजारांवर. लठ्ठपणा अगदी कमी. म्हणजे फायदा 'गाव' या शब्दात नाही, पायांना रोज काम असण्यात आहे. ते काम गेलं की गावही शहरच.

फुंकर

आमिश निघालेच आहेत तर थोडं अवांतर. माझ्या मुलीला दमा आहे म्हणून हे वाचलं होतं. आमिश आणि हटराइट, दोन्ही शेतकरी समाज, मूळ वंश जवळपासचे, राहणीही साधी. फरक हा की आमिश मुलं गोठ्याला लागून वाढतात आणि हटराइट मोठ्या यंत्रांनी शेती करतात, मुलं जनावरांपासून लांब राहतात. २०१६ च्या अभ्यासात दम्याचं प्रमाण आमिश मुलांत ५ टक्के आणि हटराइट मुलांत २१ टक्के निघालं. दोन्ही गावच! गोठ्यातल्या धुळीमुळे प्रतिकारशक्तीला लहानपणीच वळण लागतं, असा त्याचा अर्थ लावतात.

लेक किशोरवयात आल्यावर तिला गोठ्यात नेऊन उपयोग नाही, हे डॉक्टरांनी हसून सांगितलं. गाडी सुटली म्हणे.

चष्मिष

अवांतरात माझीही भर. डोळ्यांचं कुणी बोललं नाही. उघड्यावरचा उजेड मिळाला तर मुलांना चष्मा उशिरा लागतो. चीनमधल्या ग्वांगझू शहरात सहा वर्षांच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जास्त बाहेर ठेवलं. तीन वर्षांनी त्या शाळांत सुमारे ३० टक्के मुलांना लांबचं कमी दिसायला लागलं होतं, नेहमीच्या शाळांत जवळजवळ ४० टक्क्यांना. फक्त बाहेर असायचं, पळायचीही सक्ती नाही.

माझा नंबर उणे सहा आहे. मी लहानपणी फार अभ्यासू होतो, असं आई सांगते. खरं तर मी पलंगाखाली गोष्टीची पुस्तकं वाचायचो.

शिट्टीमास्तर

चपलांवरूनही एक सांगायचं राहिलं. २३०० मुलांच्या पायांची पाहणी १९९२ मध्ये छापून आली होती. बूट घालणाऱ्यांत सपाट तळव्याची मुलं ८.६ टक्के, अनवाणी वाढलेल्यांत २.८ टक्के. घामाघूम, पुतण्याला लगेच भारीतले बूट घेऊ नका. पण काटे, काचा आणि जंत बघता अनवाणीही सोडू नका. चपला बऱ्या.

सोळा_पूर्ण

बहुतेक मीच इथे सगळ्यात लहान. शहरात राहते, अकरावी.

सगळे काका लोक आमच्याबद्दल बोलताहेत, म्हणून माझा दिवस सांगते. सहाला उठणं, कॉलेज, तिथून क्लास, घरी यायला साडेसात. मग होमवर्क. झोपायला बारा. आमच्या इमारतीमागे मैदान आहे, पण ते तासाच्या हिशेबाने बुक करावं लागतं आणि मुलं आधीच करून ठेवतात. मी एकदा एकटी पळायला गेले तर दोन जण गाडीवरून मागे मागे आले. त्यानंतर आईने जिन्यावर चढ-उतर करायला सांगितलं. लिफ्टबद्दल बोलणाऱ्या काकांना सांगायचंय की मी रोज अकरा मजले तीनदा चढते. कारण जिन्यात कुणी शिट्टी मारत नाही. (मास्तर, तुमची शिट्टी नव्हे.)

शिट्टीमास्तर

पोरी, अकरा मजले तीनदा म्हणजे चेष्टा नाही. माझ्या अर्ध्या वर्गाला जमणार नाही. उतरताना गुडघे सांभाळ, जमलं तर उतरायला लिफ्ट घे. काकांनी चढायच्या लिफ्टला नावं ठेवलीत, उतरायच्या नाही.

नाडीपरीक्षक

सोळा_पूर्ण, तुझ्या दिवसात मला पळण्यापेक्षा झोपेची काळजी वाटते. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते. तू सहा तास झोपतेस. वाढीचं हार्मोन मुख्यतः गाढ झोपेत सुटतं, भूकही झोपेवर हलते. गावातल्या मुलांची झोप जास्त असेल असं मी धरून चाललो असतो, पण माती_आणि_मी यांच्या लेकीचं वाचून गप्प बसतो.

मुलींबद्दल आणखी एक. पाळी सुरू झाली की लोहाची गरज वाढते आणि नेमकं त्याच वयात त्यांचं खेळणं बंद होतं. आकडेबहाद्दर, जागतिक आकडा तुमच्याकडे असेलच.

आकडेबहाद्दर

आहे ना! ५ ते १७ वयाला दिवसाला सरासरी ६० मिनिटं बऱ्यापैकी घाम येईल अशी हालचाल हवी. १४६ देशांतल्या शाळकरी मुलांची माहिती २०१९ मध्ये छापली गेली. ११ ते १७ वयातली ८१ टक्के मुलं या निकषात बसत नव्हती. मुलगे ७८, मुली ८५. ज्या देशांत गरिबी जास्त तिथे मुलं खूप हालत असतील अशी समजूत असते, पण श्रीमंत-गरीब देशांत फार मोठा फरक नव्हता. मुलगा-मुलगी फरक मात्र जवळजवळ सगळीकडे.

नीरजा_न

म्हणजे गाव-शहर भांडणापेक्षा मोठी दरी घरातच आहे. मी सातवीपर्यंत धावण्यात पहिली यायचे. आठवीत पाळी आली, शाळेत धड संडास नव्हता, त्या दिवसांत मी घरीच राहायचे. मग सरावातून नाव गेलं. 'आता मोठी झालीस' एवढंच कारण मिळालं. पुढे शहरात आले, तिथे संडास चांगले होते, पण तोवर मला पळायची लाज वाटायला लागली होती. बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा सुरुवात केली, पहाटे, अंधारात, म्हणजे कुणी बघू नये.

खडूस_आजोबा

नीरजाताई, माझी बहीण आमच्या सगळ्यांपेक्षा जोरात पळायची. ती किती मैल चालायची ते मी कधी विचारलंच नाही. ती शाळेत नव्हतीच.

टवाळखोर

आजोबांनी आज टवाळीला जागाच ठेवली नाही.

तोल_मोल

सगळे वजन आणि बीएमआय धरून बसलेत म्हणून सांगतो. मधुमेहावर संशोधन करणारे पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापला होता. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी एकाची ९.१ टक्के, दुसऱ्याची २१.२. जास्तीची याज्ञिकांची. सडपातळ दिसणं आणि आतून चरबी असणं एकत्र नांदू शकतं. गर्भात असतानाचं आईचं पोषण यात मोठं कारण आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे बारीक पोरगं बघून 'काही नाही होत याला' असं म्हणू नये. उद्या त्याच्या ताटात भरपूर आलं आणि पायातलं काम गेलं, तर मधुमेहाची वाट त्याला जवळची.

घामाघूम

चार दिवस वाचत होतो. पुतण्याच्या शाळेला सुट्टी आहे, तो इथेच आहे. लोह कमी आणि जंत, दोन्ही निघालं. औषध सुरू केलंय. त्याला धागा वाचून दाखवला. म्हणाला, "काका, मला दम लागत होता, पण दादा बसला म्हणून मला बसता आलं नाही."

हे ऐकून मी गप्पच झालो.

मास्तर, आता या दोघांना दोन महिने काय करायला लावू ते सांगा.

शिट्टीमास्तर

पुतण्याला पहिले तीन आठवडे फक्त चालणं आणि खेळ. शर्यत नाही, ओझी उचलणं नाही. डॉक्टरांनी हो म्हटलं की मग दौड. मुलाला घड्याळ काढून ठेवायला सांगा. पहिला आठवडा एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल, असं वीस मिनिटं. दोघांनाही दोरीवरच्या उड्या, दंड भिंतीला टेकून, बैठका. एकमेकांशी स्पर्धा लावू नका, स्वतःच्या कालच्या आकड्याशी लावा. आणि तुम्हीही पळा. नुसतं शिट्टी मारणारा बाप पोरं ओळखतात.

आकडेबहाद्दर

मास्तरांच्या म्हणण्याला जोड. केनियातल्या धावपटूंच्या भागात शहरी आणि गावातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलग्यांना १२ आठवडे एकसारखं पळवलं. हा अभ्यास २००५ चा. सुरुवातीला गावातली मुलं पुढे होती, कारण ती आधीपासून जास्त हालत होती. सरावाने दोन्ही गट सुधारले आणि सुधारण्याच्या क्षमतेत फरक सापडला नाही. शहरी शरीर वेगळ्या मातीचं नसतं. घामाघूम, चिरंजीवांना हे वाचून दाखवा.

विसंगत

हा मात्र चांगला आहे. पण झाडावर चढण्याचा मुद्दा मी सोडलेला नाही.

माती_आणि_मी

सगळ्यांना एक सांगायचं होतं. लेकीने धागा वाचला. परवा तिच्या पीटीच्या बाईंना जाऊन म्हणाली, मला खेळायचंय, पण बसायचंही आहे. बाईंनी आधी पंधरा मिनिटं पडू दिलं, मग खेळायला घेतलं. सकाळचं पाणी आता धाकटा भरतो. कुरकुर करतो, पण भरतो.

घामाघूम

दहा आठवड्यांनी धागा वर काढतोय, माफी असावी.

पुतण्याचं हिमोग्लोबिन १२.९. नाडीपरीक्षकांच्या हिशेबाने अजून काठावर, औषध चालू आहे. वजन अडीच किलो वाढलं. मुलगा न थांबता अठरा मिनिटं पळतो. मी सहा.

परवा पुन्हा त्याच डोंगरावर गेलो. चिरंजीव त्या दगडापाशी आले, दगडाला हात लावला आणि पुढे गेले. पुतण्या बसला. "जरा थांबू," म्हणाला. दोघांत ते आधीच ठरलं होतं, असं मला नंतर कळलं. मी त्या वेळी बराच खाली होतो.

कंटाळेश्वर

मग दगड रिकामा आहे का? मी येतो.